नखाची पट्टी

सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि कुत्री तेवढी मागं राहिली, ती नखामुळं. आम्हा धनगरांत कळप दिला की त्याची राखण करणारं कुत्रंही सोबत द्यायचं, असा शिरस्ता. वाशीकडचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. मेंढरं चढली, मागोमाग हिनं उडी मारली आणि पत्र्यात अडकून तिच्या पुढच्या पायाचं नख उखडलं. रक्ताची धार लागली. "पाय बरा झाला की न्या," असं सासरे गिऱ्हाइकाला म्हणाले आणि घरात जाऊन बसले. टेम्पो गेला त्या दिशेला त्यांनी पाहिलंही नाही.

मी शाळेत शिकवते. त्यामुळं घरात कुणाला काही लागलं की सगळे माझ्याच तोंडाकडं बघतात, जणू मी कंपाउंडर आहे. जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरलं, वर चिमूटभर मैदा दाबला, तेव्हा कुठं रक्त थांबलं. पण अर्धवट तुटलेलं नख लोंबतच होतं. ते कशाला अडकलं की ती कळवळायची आणि नेलकटर दिसला की दात दाखवायची. जवळ जायची कुणाची टाप नव्हती.

शेवटी सासरे बाहेर आले. खांद्यावरची घोंगडी त्यांनी तिच्या डोळ्यांवर टाकली, तिला गुडघ्यांत धरलं आणि मेंढरांना बोलावतात तसा आवाज हळूहळू काढत राहिले. घोंगडीला अजून मेंढरांचा वास होता. ती निपचित पडली.

"काप आता, पोरी. लोंबतंय तेवढंच."

मी कापलं, कोमट मिठाच्या पाण्यानं पाय धुतला, पट्टी बांधली आणि वर लेकाचा जुना मोजा चढवला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या आग्रहाखातर हळद-तेल लावलं, तर बाईसाहेबांनी मोजा ओढून काढला आणि सगळं चाटूनपुसून साफ केलं. मी वैतागले. सासरे मात्र गालातल्या गालात हसले. मेंढरं गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

"मामा, हिला ठेवून घेऊ की," मी म्हटलं.

"न्हाय. शबूद दिलाय म्या. कुत्रं कळपाचं असतंय, आपलं न्हाय."

पुढं बोलायची सोय नव्हती. त्यांनी दिलेला शब्द कधी फिरवलेला नाही, हे आख्ख्या बेंबळी गावाला ठाऊक. मला ती हवी होती, आणि माझीच प्रत्येक पट्टी तिला वाशीच्या वाटेला लावत होती. जरा हयगय करावी असंही मनात आलं. पण मोजा काढायला बसले की ती आपणहून पाय पुढं करायची, मग कसली हयगय करता?

हळूहळू जखम भरली, कोवळं नख डोकावू लागलं. एका सकाळी पट्टी सोडून मी कचऱ्यात टाकली आणि तिच्याकडं न बघताच शाळेला गेले.

परत आले तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते. मोबाईल कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, मांडीवर कुत्रीचा तोच पाय, आणि त्यावर मी टाकून दिलेली पट्टी ते गुंडाळत होते.

"न्हाय ओ," ते फोनवर सांगत होते, "लई दुखतंय तिला अजून. उभारता बी येईना बघा."

कुत्री जोरजोरात शेपूट हलवत होती. मला पाहून सासऱ्यांनी मान खाली घातली. त्यांच्या बोटांना गाठ काही जमत नव्हती. मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्या पुढ्यात बसले आणि गाठ नीट मारून दिली.