पहिला पीस

आमच्या फोरमननी आयुष्यात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय पास केलेली नाही. स्वतःची जन्मतारीखसुद्धा त्यांनी आईला दोनदा विचारून मगच मान्य केली असणार. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात लेथवर नवीन सेटिंग लावलं की आधी एकच पीस काढायचा, फोरमनना दाखवायचा, त्यांनी वर्निअर लावून माप घ्यायचं आणि "चालव" म्हटलं की मगच पुढचे पाचशे काढायचे, हा तिथल्या सगळ्याच गाळ्यांचा रिवाज. पण बाकीचे फोरमन संध्याकाळी हात धुतले की हा रिवाज गाळ्यात ठेवून घरी जातात. आमचे तो बरोबर घेऊन जात. चपला घ्यायच्या तर दुकानदाराला म्हणत, "आधी एकच दे, चौकापर्यंत चालून येतो. पटली तर दुसरी काढ." एका गणपतीत त्यांनी नैवेद्याआधीच पहिला मोदक खाऊन बघितला. वहिनींनी कपाळाला हात लावला, तर हे म्हणाले, "मग काय देवाला न तपासलेला माल देणार?" कौतुक करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चांगलं काम केलं तरी "चालव", मुलीचं लग्न ठरवलं तरी "चालव".

मी गडहिंग्लजकडचा. सातवीत शाळा सुटली आणि या गाळ्यात आलो, तो इथलाच झालो, बायको-पोरं गावी. बाविसाव्या वर्षी मशीनवरून लोखंडाचा कण उडाला आणि माझा डावा डोळा गेला. सेफ्टी चष्मा घातला नव्हता, चूक माझीच. फोरमन तेव्हा काही बोलले नाहीत, पुढेही कधी नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळी आल्याआल्या ते सगळ्यांचे चष्मे आपल्या रुमालाने पुसून ज्याच्या त्याच्या मशीनवर ठेवायला लागले. याला तीस वर्षं झाली.

आणि आता उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. आधी ट्यूबलाइटभोवती कडं दिसायला लागलं, मग वर्निअरवरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. मी कुणाला सांगितलं नाही. नख लावून, अंदाजाने मापं घेत होतो. देवाच्या कृपेने चार महिने निभावलं आणि एक दिवस पन्नास बुश मापापेक्षा जास्त कापले गेले. फोरमननी एक उचलला, वर्निअर लावलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाच."

मी आकडा ठोकून दिला.

"किती दिवस झाले रे?" ते हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी ते मला घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं ऑपरेशन आहे, वीस मिनिटांचं. फोरमननी विचारलं, "तुमच्याकडे दिवसाला किती निघतात? त्यात रिजेक्ट किती?"

"काका, डोळे आहेत ते, नटबोल्ट नाहीत."

"म्हणून तर विचारतोय ना!"

पण मी घाबरलो होतो. ज्याला दोन डोळे, त्याला वीस मिनिटं. माझा हा एक गेला की मशीन गेलं, मुंबई गेली, गावी ओट्यावर बसून बायकोच्या आवाजाकडे तोंड फिरवत राहायचं. बाहेर येऊन मी म्हटलं, "फोरमन, नको. अंधुक तर अंधुक, दिसतंय ना?"

पुढचे तीन दिवस फोरमन कामावर आले नाहीत. त्यांनी कधी खाडा केलेला कुणाला आठवत नव्हता. चौथ्या दिवशी आले ते काळा गॉगल लावून. पोरं हसायला लागली, "काय फोरमन, हिरो!" ते सरळ माझ्या मशीनपाशी आले, गॉगल वर केला. उजवा डोळा लाल होता.

"पहिला पीस काढून बघितला," ते म्हणाले. "चालतोय."

हा माणूस सुईला इतका भ्यायचा, की धनुर्वाताच्या इंजेक्शनला आम्ही दोघांनी त्यांना धरलं होतं आणि तरी सुई टोचणारा कंपाउंडर खाली पडला होता. संध्याकाळी ते मला परत दवाखान्यात घेऊन गेले. माझी तपासणी करताना डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, "तुमच्या काकांना म्हटलं होतं, तुमचा स्वतःचा मोतीबिंदू अजून वर्षभर थांबला तरी चालेल. ऐकेचनात."

मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने माझ्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली. फोरमन वाकून बघायला लागले. "उजवा म्हणजे त्याचा उजवा ना? तुमच्याकडून बघितला तर डावा होतो."

"काका, यांचा चालणारा एकच आहे. माहितीये आम्हाला."

"माहिती असलं तरी तपासायला काय जातं?"

आत जाताना मी मागे वळून बघितलं. म्हटलं, शेवटचंच बघायचं असेल तर ओळखीचं काहीतरी असावं. थेंब घातलेल्या डोळ्याला फोरमनच्या उंचीचं करडं धुकं तेवढं दिसलं. मग तोंडावर कापड आलं, वर तीन दिवे, पाण्यात हलल्यासारखे. "हलू नका, खाली बघू नका." पाणी कानामागे ओघळत होतं. दुखत काही नव्हतं, पण दिवे एकाएकी विरघळले, तेव्हा मनात म्हटलं, गेला.

पट्टी बांधून बाहेर आणलं आणि मी पुरता आंधळा झालो. फोरमननी कोपर धरून रिक्षात घातलं, माझ्या खोलीवर आणलं, ताट वाढलं. "ताट म्हणजे घड्याळ समज. चपाती बारा वाजता, भाजी तीन वाजता, आमटी नऊला, हात जपून." मी तीनला हात घातला तर आमटी. "सॉरी, तुझे तीन नव्हे, माझे तीन," ते म्हणाले. आणि हा उजव्या-डाव्यावरून सिस्टरला भंडावणारा माणूस! मी हसलो आणि हसता हसता रडायला लागलो, तर दटावून म्हणाले, "रडू नकोस, टाके नाहीत पण पीस अजून ओला आहे."

सकाळी पट्टी निघाली. आधी नुसता पांढरा उजेड. मग फोरमननी खिशातून वर्निअर काढून धरलं. "वाच."

रेघा एकेक उभ्या होत्या, केसासारख्या. "पंचवीस पॉइंट शून्य चार."

त्यांनी ते स्वतःच्या नव्या डोळ्यापाशी नेलं, परत वाचलं. "चालव," ते म्हणाले.

मी बघतच राहिलो. केस पांढरेफटक, गळ्याची कातडी सुटलेली, कॉलर उलटी करून शिवलेली. माझ्या धुक्यात ते होते तसेच राहिले होते. "फोरमन, म्हातारे झालात हो," तोंडातून निघून गेलं.

"जास्तच साफ केलाय तुझा डोळा," ते म्हणाले. "परत घेऊन जाऊ?"

आता त्यांनी काम सोडलंय. कांदिवलीला मुलाकडे असतात, भाजीवाल्याला एकच भेंडी मोडून दाखवायला सांगतात म्हणे. गाळ्यात सकाळी चष्मे मी पुसतो. नवीन सेटिंग लावलं की पहिला पीस काढतो, मापतो, बरोबर येतो. तरी बटणावर हात जरा थांबतोच. मागून कुणी काही बोलत नाही. मग मीच तो शब्द हळू म्हणतो आणि पुढचे काढायला घेतो.