देव उतरवणारी

ऑपरेशनला नेण्याआधी माणसाच्या अंगावरचे सगळे देव उतरवून ठेवावे लागतात. गळ्यातलं लॉकेट, दंडावरचा ताईत, मनगटाचे धागे, बोटांतले ग्रह, आत काही म्हणजे काही चालत नाही. धाग्यात जंतू असतात आणि धातूमुळे आतल्या यंत्राने कातडी भाजू शकते. कडोदऱ्याच्या बाजूला असलेल्या आमच्या खासगी रुग्णालयात हे काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे एकही देव नव्हता.

झालं असं की एका पेशंटचा नवसाचा धागा कचऱ्याच्या डब्यात सापडला आणि नातेवाइकांनी रिसेप्शन डोक्यावर घेतलं. मेट्रनने मीटिंग बोलावली. यापुढे हे काम एकाच माणसाने करायचं, असं ठरलं. तो माणूस कोण, यावर मात्र प्रत्येकजण अंग काढून घ्यायला लागला. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर, ज्यांना आम्ही मोटाबेन म्हणतो, त्या म्हणाल्या, मातेचा धागा कापला तर मला पाप लागेल, माझ्या घरी लग्नाची मुलगी आहे. केरळची सिस्टर म्हणाली, मी कोणाचा धागा काढला तर उद्या म्हणतील धर्म बदलायला लावला. आमचा मुसलमान ब्रदर म्हणाला, "मैं काटूँगा तो सीधा पेपर में आएगा." तो हसला. बाकी कोणी हसलं नाही.

मग मेट्रनची नजर माझ्यावर थांबली. "तमारामां तो आवुं कंई नथी ने?" त्यांनी गुजरातीत विचारलं. म्हणजे, तुमच्यात असलं काही नसतंच ना? आम्ही बौद्ध. वडील खानदेशातून मिलमध्ये कामाला आले आणि बमरोलीतच राहिले. मी समजावायला लागले की आमच्यातही असतं, त्रिशरण असतं, पंचशील असतं, विहार असतो. मेट्रनने सगळं मान डोलवून ऐकलं आणि म्हणाल्या, "हां, पण त्यात पाप लागत नाही ना? मग झालं तर." अशा रीतीने रुग्णालयाने माझा धर्म तपासला, त्यात काही आढळलं नाही, आणि ड्रेसिंगची कात्री माझ्या हातात दिली.

मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मी ते काम फारच चांगलं करायला लागले. आमच्यात काही नाही ना, मग बघाच. कापड मार्केटचे एक शेठ दोन्ही हातांत इतके धागे बांधून आले होते की सलाइनची सुई लावायला जागा मिळेना. ते म्हणाले, शनीचा शेवटी काढा, तो चिडतो. मी शनीचाच आधी कापला. कोणी घासाघीस करायचं, "सिस्टर, एक तरी राहू दे." मी म्हणायचे, "काका, आत जागा लहान आहे. देवांना बाहेर बसू द्या, डॉक्टरांना तेवढं उभं राहू द्या." लोक हसायचे, आणि हसता हसता कात्री चालून जायची. प्रत्येकाचे देव वेगळ्या पाकिटात घालून वर पेशंटचं नाव लिहायचे. गाठ सोडत बसण्यापेक्षा कापणं सोपं पडायचं. माझ्याइतका झटपट हात कोणाचाच नव्हता, असं मेट्रन सगळ्यांना सांगायच्या.

हे किस्से मी घरी जेवताना रंगवून सांगायचे. भाऊ आणि वहिनी पोट धरून हसायचे. आई हसायची नाही. ती भिंतीला टेकून साड्यांचे धागे कापत बसलेली असायची. मार्केटमधून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, उलट्या बाजूचे लोंबते धागे कापून ते परत द्यायचे, यावरच तिने आम्हाला शिकवलं. आमच्या डाळीत, केसांत, अंथरुणात कायम रंगीत धागे निघायचे. मला वाटायचं, कामात आहे, म्हणून तिचं लक्ष नाही.

मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात करायचं ठरलं. त्याआधीच्या रविवारी विहारात तिच्या रक्षणासाठी परित्राणपाठ झाला. पाठ चालू असताना एक लांबलचक पांढरा दोरा सगळ्यांनी हातात धरला होता. शेवटी भंतेजींनी त्याचाच तुकडा तिच्या मनगटाला बांधला. मी ड्युटीवर होते.

ऑपरेशनच्या सकाळी मी ट्रे घेऊन तिच्या खाटेपाशी गेले. मोटाबेन तिचं ब्लडप्रेशर घेत होत्या. मी नेहमीच्या सुरात सुरू केलं, "चला आई, आत जागा लहान आहे..."

आईने हात चादरीखाली घेतला. "हाऊ नको कापू," ती म्हणाली.

मला आधी गंमतच वाटली. जिने आयुष्यभर धागे कापले, ती एका धाग्यासाठी अडून बसली होती. मी नियम सांगितला. जंतू सांगितले. भूलतज्ज्ञ वाट बघताहेत हेही सांगितलं. शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, "आई, माझी शोभा करू नकोस. आपल्यात असलं काही नसतं." म्हणजे मेट्रनचंच वाक्य मी तिला ऐकवलं, मराठीत करून.

आईने माझ्याकडे नीट बघितलं. मग मोटाबेनकडे बोट केलं. "तिले भेव वाटस. तुले नही वाटस. तिलेच काढू दे."

तिला भीती वाटते, तुला वाटत नाही. जेवणाच्या वेळचे माझे सगळे किस्से तिने ऐकले होते तर. मला इतकी लाज वाटली की ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना.

मोटाबेनना अहिराणी कळत नव्हती, पण बोट कळलं. त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या लॉकेटकडे गेला. मी कात्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. खाटेवर बसल्या, आईचं मनगट मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मासी, आमां शुं बोलवानुं?" यावर काय म्हणायचं असतं? भर मीटिंगमध्ये घसा कोरडा करून मला जे कोणाच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते या बाईने चार शब्दांत मान्य करून टाकलं होतं. आणि तेही मला नाही, आईला विचारून.

"नमो बुद्धाय म्हन," आई म्हणाली.

मोटाबेन "नमो बुद्धाय" म्हणाल्या आणि धोका नको म्हणून पाठोपाठ हळूच "जय माताजी" पण म्हणाल्या. आई हसली. ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन आला, वॉर्डबॉय दारात पाय आपटत उभा राहिला, तरी मोटाबेन नखाने ती गाठ सोडवत राहिल्या. दोरा अख्खा निघाला. पाकिटावर नाव त्यांनीच घातलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आईने पाकीट मागितलं आणि हात माझ्यापुढे केला. गाठ बांधायला मला बराच वेळ लागला. सोडवण्याची नव्हती, तशीच मला बांधायचीही सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी हर्नियाचे एक काका आले, मनगटावर जाड काळा धागा. मी कात्री ट्रेमध्येच ठेवली, खाटेवर बसले आणि गाठीला नख लावत विचारलं, यावर काय म्हणायचं असतं? काकांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. माझा हात चाचपडत होता.

"सिस्टर, तमे नवा छो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.