धुतलेली चप्पल

आमच्या घरात चप्पल सुतळीनं यायची.

म्हणजे असं की तालुक्याच्या गावी, आळंदच्या बाजाराला निघायच्या आधी अप्पा आम्हाला भिंतीला टाच टेकवून उभं करायचे. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी ताणायचे आणि विळ्यानं कापायचे. मायच्या सुतळीला एक गाठ, माझ्या सुतळीला दोन, धाकट्या भावाची बिनगाठीची. त्या सुतळ्या खिशात घालून अप्पा बाजाराला जायचे आणि तेवढ्या लांबीच्या चपला घेऊन यायचे. सुतळीवर लांबी कळते, रुंदी कळत नाही. माझा पाय अप्पांसारखा रुंद, त्यामुळे माझी करंगळी कायम पट्ट्याच्या बाहेर. सैल आली तर चिंधी गुंडाळायची, घट्ट आली तर तेल लावून ओढायची. चपलेनं पायाशी नाही, पायानं चपलेशी जुळवून घ्यायचं, हे मला फार लहानपणीच कळलं होतं.

तेही दरवर्षी नाही. अंगठा तुटला की तार, तळ सुटला की खिळा. माय आणि अप्पा दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायचे. आमच्या भागात सगळं तुरीचं रान. तूर कापून नेली की जमिनीत राहिलेले खुंट तासलेल्या खिळ्यासारखे वर बघत असतात. त्या दिवसांत घरातली धड चप्पल ज्याला रानात जायचं त्याच्या पायात. मी शाळेला अनवाणी जायची आणि रस्त्यानं सावली बघून पळायची. याचं मला फार वाईट वाटायचं असंही नाही. वस्तीतल्या सगळ्याच पोरी पळायच्या.

सुतळीचं कारण मला तेव्हा साधं वाटायचं. सगळ्यांनी बाजाराला जायचं तर सगळ्यांची तिकिटं लागतात. सुतळीला तिकीट लागत नाही.

पुढं मी शिकले. गुलबर्ग्याला वसतिगृहात राहून बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. आता मी तिथंच एका खाजगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसते. माय गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवते. इकडं त्याला सगळे बिसिऊट म्हणतात. दिवसभर शहाबादी फरशीवर उभं राहायचं, त्यानं तिच्या टाचा धरल्या. सकाळी उठल्यावर भिंत धरून चालायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “मऊ तळाची चप्पल घाला, घरातसुद्धा. नाहीतर हे काम सोडावं लागेल.”

काम सोडायचं नाव काढलं की माय विषय बदलते. ते काम तिला तिच्या नावानं मिळालेलं आहे.

“माझ्यासंगं दुकानात चल,” मी म्हटलं. 

“तूच आन. सुतळी देते.”

किती सांगितलं तरी ती दुकानात यायला तयार नाही. शेवटी मी मोबाईलवर बघितलं. एक तपकिरी चप्पल होती, स्वस्तातली. खाली लिहिलेलं, अस्सल चामडं, मऊ तळ, टाचदुखीला आराम. मापाचा तक्ता होता. मी मायची सुतळी पट्टीला लावली आणि तक्त्यात नंबर शोधला. मला हसू आलं. एवढी शिकून शेवटी मीही सुतळीनंच चप्पल घ्यायला लागले होते.

पार्सल गावात पोचल्याचं मायनं फोनवर सांगितलं. “कशी हाय?” “चांगली हाय की.” एवढंच. 

सुट्टीला घरी गेले तर मायच्या पायात जुनीच चप्पल. नवी पेटीत, डब्यासकट. काढून बघितली. लांबीला बरोबर. पण तळ फरशीच्या तुकड्यासारखा, आणि वास जळक्या टायरचा.

“हे चामडं न्हाई माय, रेक्झिन हाय. आन ह्याला मऊ म्हनायलेत व्हय?”

“असू दे. एवढ्याशा पैशात काय सोन्याची येनार हाय?”

“सोन्याची न्हाई, सांगितलेली यायला पायजे. मी माघारी देते.”

“नको.” तिनं चप्पल माझ्या हातातून घेतली. “घालते मी. चार दिसात मऊ व्हतीय.”

“अगं, माघारी घेतेत. तसा नियमच हाय त्यांचा.”

“हात लागलाय आपला तिला.”

“मग?”

बाजेवर पडलेले अप्पा हसले. “मग म्हनं! कॉलेज शिकून आली आन मग इचारायलीय. कंपनीवाला काय तुझा मामा हाय व्हय, आपल्या हातचं माघारी घ्यायला?”

आम्ही बौद्ध आहोत. आजोबांच्या काळात घरानं धम्म घेतला. मागच्या काळात गावानं आमच्याशी काय केलं, ते मी ऐकून होते आणि कॉलेजात वाचूनही होते. पण चपलेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी मायनं सांगितलं, पायाची करंगळी दाखवत. ती करंगळी शेजारच्या बोटाखाली मुडपलेली आहे. मला वाटायचं, ती जन्माचीच तशी.

माय लग्नाआधी तिच्या बापाबरोबर बाजारात गेली होती. चपला भावासाठी घ्यायच्या होत्या. एक लाल पट्ट्याची मांडून ठेवली होती. तिनं सहज पाय घालून बघितला. घट्ट होती, काढायला लागली. दुकानदार म्हणाला, “पाय घातलास न्हवं? आता ती तुझी. दुसरं कोन घालंल ती?” भावाचे पैसे त्या चपलेला गेले. भाऊ वर्षभर अनवाणी राहिला आणि मायनं ती घट्ट चप्पल तुटेपर्यंत घातली. 

“तवापून दुकानात पाय उचलला न्हाई मी,” माय म्हणाली. “तुझ्या अप्पाला बी घालू देत नव्हते. म्हून तर सुतळी. बाहीर हुबारून सुतळी टाकायची, आतून चप्पल यायची. तुला काय, तिकिटाचे पैसे वाचवायलाव वाटलं?”

मला तेच वाटलं होतं.

मी तिथंच बसून मोबाईलवर परतीची मागणी टाकली. कारण विचारलं, तर ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे निवडलं. न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. मला सकाळच्या बसनं कामावर जायचं होतं. निघताना मायला म्हटलं, “मानूस आला की दे.” अजून काही सांगायला पाहिजे, असं डोक्यातही आलं नाही.

दुपारी काउंटरवर असताना मायच्या नंबरवरून फोन आला. आवाज पुरुषाचा, कानडी वळणाचा. 

“मॅडम, तुमच्या आईनं चप्पल धुतलीय की.”

“काय केलीय?”

“धुतलीय. साबन लावून. पत्र्यावर वाळवलीय म्हनं. टॅग इल्ला, धुन्यात गेलाय, पट्टा सोललाय. माझा मोबाईल इचारतोय, वापरलीय का? मी काय दाबू?”

मागून मायचा आवाज आला. “घातली न्हाई म्हून सांगा की अण्णा! पायाला लावली बी न्हाई!”

“मग धुतली कामून अक्का?”

 माय म्हणाली, “आमच्या हातची हाय. माघारी न्यायची म्हनल्यावर साफ करून द्यावं म्हून.”

 माझ्यासमोर बिल भरायला माणसं उभी होती. 

“अक्का,” तो मग म्हणाला, अगदी सावकाश, “हात कुनाचा लागलाय, हे कुनी इचारत न्हाई. टॅग इचारतेत निस्ता. धुळीची दिली असती तरी नेली असती.” मग मला म्हणाला, “मॅडम, आता माझ्या हातात न्हाई. पट्टा सोललाय, तिथला फोटो काढा आन पुन्ना तक्रार टाका. खाली कापड दिसायलंय. चामडं न्हाई, हे त्यांलाच दिसंल. मी येतो परत.”

आणि चप्पल न घेता तो गेला.

संध्याकाळी मायनं फोन केला. रडत नव्हती. उलट आवाज अगदी शांत होता, आपलं खरं झाल्यासारखा. “म्हनलं व्हतं न्हवं? न्हाई घेतली.” मागून अप्पा म्हणाले, “कंपनीला बी कळलं जनू, कुनाच्या घरची हाय ती!” आणि स्वतःच हसले.

मला ते हसू पचलं नाही. चप्पल अडली होती टॅगच्या एका चिटोऱ्यापायी, पण मायच्या मनात ती त्या जुन्या कारणानंच परत गेली नव्हती. आता मी हजार वेळा टॅग टॅग म्हटलं असतं, तरी तिनं मान हलवली असती आणि मनात दुकानदाराचंच खरं धरलं असतं. दुसरी चप्पल मी पगारातून कधीही आणली असती. पण हीच चप्पल माघारी जायला पाहिजे, असं मी ठरवलं.

फोटो मायलाच काढायला सांगितला. पहिल्या फोटोत तिचा अंगठा आला, दुसऱ्यात कोंबडी. तिसऱ्यात पट्टा नीट आला. वरचा तपकिरी थर उचकटलेला आणि खाली पांढरं जाळीदार कापड. माझ्या मनात आलं, आमच्या मायनं साबणानं आणि गुलबर्ग्याकडच्या उन्हानं त्या चपलेची परीक्षाच घेतली की.

कंपनीच्या फोनवरची मुलगी हिंदीत एकच वाक्य म्हणत राहिली, की वापरलेली वस्तू परत होत नाही. मी तिला माझ्या हिंदीत सांगितलं, “मॅडम, वापरलेली नाही, धुतलेली आहे. आणि एका धुण्यात चामड्याचं कापड होत नाही. फोटो उघडून बघा, मी थांबते.” तिनं वरच्याला विचारते म्हणून गाणं लावून दिलं. मी थांबले. गाणं संपून पुन्हा सुरू झालं, तरी थांबले. शिवाय इंग्रजीतून सगळं लिहून पाठवलं. माय घाबरते तसं मी अशा कागदांना घाबरत नाही. कॉलेजनं मला आणखी काय दिलं माहीत नाही, पण एवढं नक्की दिलं.

उत्तर आलं, माणूस पुन्हा येईल. 

या वेळी मी रजा काढून घरी गेले. तो माणूस एरवी पार्सलं घेऊन बस स्टँडवर थांबतो आणि सगळ्या गावाला तिथं बोलावतो; मागच्या वेळी मायही तिथंच गेली होती. त्या दिवशी मात्र तो गाडी घेऊन आमच्या दारात आला. चाळिशीचा, कपाळावर इभूतीचे आडवे पट्टे, पाठीवर भलीमोठी पिशवी.

“काय अक्का, परत धुतली न्हाई न्हवं?”

“झाडली बी न्हाई,” माय म्हणाली. “धूळ हाय तशीच हाय.”

तो मोठ्यानं हसला. अप्पाही हसले. मायनं चपला उघड्या हातात धरल्या होत्या, डब्याशिवाय, पदराशिवाय. त्यानं तिच्या हातातून त्या घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या, पट्ट्याखाली बोट घालून बघितलं.

“हे चामडं म्हनून इकायलेत? ह्याच्यापेक्षा माझी टायरची बरी.” फोटो काढला, मोबाईलवर काहीतरी दाबलं, चपला पिशवीत टाकल्या. “झालं अक्का.”

“झालं?”

“झालं की. अजून काय? हार घालता व्हय?”

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत माय दारात उभी होती. मग आत येऊन म्हणाली, “नेली की गं खरंच.” तिनं हात बघितले, पुसले नाहीत, आणि चुलीकडं गेली.

पैसे जमा झाल्याचा निरोप आला, तेव्हा तो मी तिला फोनवर वाचून दाखवला. तिनं तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, “दुकान कुठं हाय म्हनलीस तू?”

पुढच्या सुट्टीला ती गुलबर्ग्याला आली. अप्पांनी सवयीनं सुतळी कापून पिशवीत टाकली होती. दुकानातल्या पोरीनं नंबर विचारला तेव्हा मायचा हात पिशवीकडं गेला, पण तिनं सुतळी काढली नाही. पोरगी म्हणाली, “बसा अम्मा, घालून बघा.” माय स्टुलावर बसली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पाय पुढं केला.

पहिली करंगळीला लागली. “न्हाई,” माय म्हणाली, “दुसरी दाखव.” दुसरी घालून ती दुकानभर फिरली, आरशासमोर थांबली. तीही नको. मग एक सैल, एक कडक. पोरीसमोर डब्यांचा ढीग झाला. मला उगाच लाज वाटायला लागली. मी म्हटलं, “माय, ह्यातली एक घे की.” 

“कामून? पाय माझा हाय.”

त्या दुकानातून ती काहीही न घेता बाहेर पडली. रस्त्यावर येऊन हसायला लागली. हसता हसता माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. “काय बी घेतलं न्हाई गं,” म्हणाली, “आन कुनी काय बी म्हनलं न्हाई.”

पुढच्या दुकानात तिला हवी ती मिळाली. काळी, साधी, रुंद पट्ट्याची. मुडपलेली करंगळी आत नीट मावते. तीच घालून ती रोज शाळेत जाते. टाचा आता सकाळी थोड्या धरतात, पण भिंत धरावी लागत नाही. बिसिऊटचं काम तिनं सोडलेलं नाही. अप्पाही या उन्हाळ्यात आळंदच्या दुकानात आत जाऊन, स्टुलावर बसून, पायात घालून बघून चप्पल घेऊन आले.