देवमाशासाठी पाठमोरी रापण

"डॉक्टर, जनावर नक्की केवढं आहे?" साहेब फोनवर विचारत होते. माझ्यासमोर देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलेलं.

"एसटीएवढं, साहेब."

"नक्की?"

"बरं, टेंपोएवढं. पण भरलेला टेंपो."

मी मालवण तालुक्यातला सरकारी गुरांचा डॉक्टर. अडलेल्या म्हशी आणि मान टाकलेल्या कोंबड्या यांतच नोकरी गेली. समुद्रातला पेशंट हा पहिलाच. त्याने शेपटी आपटली की पाणी इतकं उडे, की कोसोगणती आतल्या नांदगाव स्टेशनावर लोकांनी छत्र्या उघडल्या असणार.

देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, फक्त नाक डोक्यावर असतं. समुद्रात पाणी त्याचा भार उचलतं. वाळूवर तोच भार छातीवर बसतो आणि तो गुदमरतो. भरती चढत होती. ती उतरायच्या आत पिल्लू खोल पाण्यात गेलं नाही, तर माझ्या हाती फक्त पोस्टमॉर्टेम उरणार होतं.

"जेसीबी पाठवू?"

"नको साहेब. शेपटीला दोर लावून ओढलं तर मणकाच निखळेल."

"मग नेणार कसं?"

"माणसं आहेत."

माणसांना तोटा नव्हता. बायका नारळ, हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. नावातच देव, मग पूजा नको? एक मावशी भक्तिभावाने कळशी ओतत होती ती नेमकी नाकावर.

"गो मावशे, थंय नाक आसा. पाठीर घाल."

"देवाचा नाक डोक्यार?" ती म्हणाली, पण कळशी सरकवली.

मग लाल टोपीवाला एकजण कानाशी आला. "डॉक्टर, उलटी होवचा औषध आसा?"

"कोणाक?"

"ह्येका."

देवमाशाची उलटी म्हणजे अंबर. अत्तराच्या धंद्यात त्याला सोन्याचा भाव, आणि आपल्याकडे ते बाळगणं गुन्हा. शिवाय ते निघतं दातवाल्या देवमाशाच्या पोटातून. "ह्येका दातच नाय," मी म्हटलं. "आता तुका पोलिसांकडे नेऊ?" टोपी गर्दीत विरघळली.

एके काळी परदेशी जहाजं याच्या जातभाईंना भाले मारत समुद्रभर फिरत. चरबी उकळून तेल काढत आणि त्यावर शहरांचे दिवे जळत. पुढे तोफेतून भाले सुटू लागले आणि काही जाती संपायला आल्या. इकडे आमच्या किनाऱ्यावर त्याच जनावराला कुंकू लावायला रांग.

दाजी तांडेल रापणीचा प्रमुख. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. अख्खी वाडी त्याचे दोर धरते. दाजीने विचारलंही नाही, जाळं आणलं, घडी करून पिल्लाच्या पोटाखाली सरकवलं. झोळी झाली. एव्हाना भरतीचं पाणी पिल्लाभोवती चढलं होतं, दोन्ही बाजूंना माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. दाजीने हाक दिली. सगळ्यांनी जीव खाऊन ओढलं.

पिल्लू हाललं. किनाऱ्याकडे.

दुसऱ्यांदाही तेच. वाडीच्या पायांना एकच वाट ठाऊक. तोंड समुद्राकडे करायचं आणि ओढत मागे मागे गावाकडे यायचं. डोकं "आत चल" म्हणत होतं, पाय ऐकत नव्हते.

"दाजी, सगळ्यांका फिरव. तोंडां गावाकडे, पाठ दर्याक."

दाजीने मान हलवली. "दर्याक पाठ करूची नाय, डॉक्टर. माझ्या आज्यान कधी केल्यान नाय. लाट मागसून येता आणि माणूस नेता."

"मगे ह्यो मरतलो."

दाजीने पिल्लाकडे पाहिलं. पंक्चरवाल्याच्या पंपासारखा त्याचा श्वास घरघरत होता. दाजीने समुद्राला हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेली बोलणी. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

"बा दर्या म्हाराजा, तुजीच वस्तू तुका परत देतंव."

"व्हय म्हाराजा."

"त्यासाठी पाठ करूची लागता, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

आणि वाडी फिरली. तोंडं माडांकडे, पाय नेहमीसारखे मागे मागे, आता खोल पाण्यात. प्रत्येक "व्हय"ला एक पाऊल. दाजी थांबला की पाय थांबत, म्हणून बिचाऱ्याला मागणी वाढवत न्यावी लागली. बांगडो मेळांदे, डिझेल स्वस्त होवांदे, जावयाची बदली वरकमाईच्या इन्सुली चेकनाक्यावर होवांदे. छातीएवढं पाणी येईपर्यंत त्याने तालुक्याचे सगळे प्रश्न मांडले. आमदारांनाही जमलं नसतं.

मग झोळी हलकी झाली. पिल्लाने अंग झटकलं, जाळं टरटरा फाडलं आणि गेलं. दूरवर पाण्याचा एक फवारा उठला. माडाएवढा होता. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

ते पुढे जगलं का, ठाऊक नाही. आमच्या किनाऱ्यावर परत आलं नाही, एवढं खरं. फाटक्या जाळ्याबद्दल मी बोलायला गेलो, तर दाजी म्हणाला, "गावलेलो मासो मोठो होतो रे."

संध्याकाळी साहेबांचा फोन. "ट्रीटमेंट काय दिली?"

"पेशंटला काहीच नाही. उचलणाऱ्यांची तोंडं फिरवली."

कॉलेजात शिकवतात, आधी जनावराची हाडं ओळखा. खरंच आहे. पण जनावर टेंपोएवढं असेल, तर ते उचलणारी माणसं कुठल्या दिशेला चालतात तेही आधी बघून ठेवावं.