चिमट्यावरचे दोन शब्द

आमच्या गल्लीतला चष्मेवाला दर दुसऱ्या रविवारी कड्यांची फेरी करायचा. शाळेमागच्या सोंडेने चढायचं, डोंगराच्या धारेवरून गोल फिरत पाण्याच्या टाकीशी उतरायचं. नऊ तास लागतात, आणि ते नवख्याचं काम नाही. त्याचा धाकटा भाऊही त्याच रविवारी निघायचा, पण टाकीकडून. दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद. आई गेली तेव्हा धाकटा उशिरा पोचला आणि हा दारातच म्हणाला होता, "आता कशाला आलास?" बोलून बसला खरा, पण माघार घेईल तर शपथ.

फेरीच्या बरोबर मध्यावर धार एवढी अरुंद होते की तिला सगळे चिमटाच म्हणतात. तिथला रिवाज असा, की आधी पोचेल त्याने खडकाला पाठ लावून बसायचं, समोरचा आला की "ये" म्हणायचं. त्याने "आलो" म्हणायचं आणि गुडघे ओलांडून पलीकडे जायचं. अकरा वर्षांत या भावांमध्ये एवढे दोनच शब्द झाले.

त्याच्या दुकानामागच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर कायम काचांचे ट्रे. मी शेजारचा किल्लीवाला, तरी मलाही उंबऱ्यावर टेकावं लागायचं. एकटेपणाने माणूस आतून पोखरला होता.

या खेपेला मात्र तो म्हणाला, "मीही टाकीकडूनच निघतो. बरोबर चाललं की माणूस काहीतरी बोलतोच."

टाकीशी धाकटा दिसेना. पुढे गेला असेल म्हणून हा झपाझपा सुटला. चिमट्यावर कुणी नाही. याने आणखी घाई केली. दीड वाजता शाळेशी उतरला, बाजारातून टाकीपाशी आला, तर भावाची स्कूटर तिथे उभी. सकाळी ती तिथे नव्हती, हे घाईत याने पाहिलंच नव्हतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. धाकटा उशिरा निघाला होता. हा ज्याला गाठायला धावत होता, तो याच्या मागेच होता! आणि आता चिमट्यावर बसून, शाळेच्या बाजूला डोळे लावून याचीच वाट बघत असणार. जगाची नजर सुधारणाऱ्या माणसाची ही गत.

पायांचे तुकडे पडले होते, तरी हा शाळेकडून पुन्हा चढला. पोचला तेव्हा साडेपाच झाले होते. धाकटा खडकाला पाठ लावून बसलेला.

"ये," तो म्हणाला. आवाज पार बसला होता.

याने वाटभर दहा वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं, "आलो." गुडघे ओलांडून वळून बघतो, तर धाकटा शाळेच्या दिशेने चालू लागलेला. हा टाकीशी उतरला तोवर स्कूटरही गेली होती.

सोमवारी तो एका चष्म्याची काडी बसवत होता. हे सगळं ऐकून मी भडकलोच. "अरे, आवाज कशाने बसला, एवढं तरी विचारायचंस!"

"माहीत होतं मला. शेवटच्या वळणाखालीच ऐकू आलं. दादा, दादा करून हाका मारत होता."

"आणि तू?"

"ऐकत उभा राहिलो. बराच वेळ."

"मग ओ का नाही दिलीस?"

त्याने स्क्रू घट्ट केला. "ओ दिली असती तर हाका मारायचा थांबला असता ना."