दोन अंशांची फट

तो मेकॅनिक मला सांगलीतल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकदाच भेटला. ठरावीक रेषा ओलांडली की नियम बदलतो, आणि मग सगळं त्याच चक्रात फिरत राहतं, अशा यंत्रणांच्या गणितावर माझा प्रबंध आठ वर्षं रखडला होता. खरं उदाहरण बघावं म्हणून साताऱ्याहून आलो होतो.

तो कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत होता. थंडी नेमकी चार अंशांवर राहावी म्हणून मालकानं मशीन चालू आणि बंद होण्याचे आकडे एकमेकांना चिकटवले होते. मशीन दर मिनिटाला चालू-बंद होऊन तापलं होतं. यानं आकडे लांब केले. पाचला चालू, तीनला बंद.

"चारवरच का नाही ठेवत?" मी विचारलं.

"चारवर कोण टिकतंय, सर? वर जातंय, खाली येतंय. मधी फट ठेवली, तर मशीन जगतंय."

हे मी चाळीस पानांत लिहिलं होतं.

त्यानं पँटला हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पत्र्याची खुर्ची पुढे सरकवली. "बसा जरा. तुमी बी लय तापलाय."

परतीच्या एसटीत मी प्रबंधाची वही उघडलीच नाही. सातारा आल्यावर कंडक्टरनं उठवलं.