काओरबरोबर बांगडा

मालविका डूख धरणारी बाई आहे, आणि मला ती त्यासाठीच आवडते. क्षमा करायच्या गोष्टी ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांनी सांगाव्यात.

ती नाशिकजवळच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी, रसायनशास्त्रात एमएस्सी. नवरा देवव्रत आखातात, मेसईदच्या एका खत कारखान्यात इंजिनिअर. तिथल्याच लॅबमध्ये तिलाही टेम्पररी नोकरी मिळाली. २००२ साली बॉयलरच्या पाण्यात लोह वाढतंय हे तिनं पकडलं. चार महिने रोज नमुने तपासून तिनं रिपोर्ट लिहिला, की पाइप आतून झिजतायत. देवव्रतचे बॉस महिपती गुळवे यांनी तिचं नाव काढून स्वतःचं घातलं. त्या रिपोर्टवर ते फ्रान्समध्ये भाषण देऊन आले, आणि आल्यावर मालविकाची नोकरी खलास. देवव्रतची नोकरी त्यांच्याच हातात, म्हणून दोघांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार. "जाऊ दे," देवव्रत म्हणायचा. ती जाऊ देत नव्हती.

दोन वर्षांनी गुळव्यांचा फोन आला. कारखान्यात लुसियाँ नावाचा फ्रेंच तज्ज्ञ आला होता आणि गुळव्यांचं प्रमोशन त्याच्या शिफारशीवर अडलं होतं.

"वहिनी, आमची मिसेस पुण्याला गेलीय. शुक्रवारी दुपारी जेवण तुमच्याकडेच ठेवू या. त्याच्या गावाकडची वाईन मी आणतो, परमिट आहे माझं. तुम्ही फक्त तिखट बांगडे करा."

"बांगडेच?" मालविकानं विचारलं.

"बांगडेच. पिण्याबरोबर मासा लागतोच. तुम्हाला नाही कळायचं ते."

वाईन होती काओर. मालविकाला ती चांगली ठाऊक होती, कारण भावानं वाईनची द्राक्षं लावली तेव्हा त्याची पुस्तकं तिनंच वाचून त्याला समजावली होती. फ्रान्सच्या नैऋत्येला, लॉत नदीच्या काठी माल्बेक द्राक्षापासून ही वाईन करतात. रंग जवळजवळ काळा, चव तुरट. तिच्याबरोबर बदक, मटण, नाहीतर सॉसेज घालून शिजवलेला पांढरा घेवडा, असलं दणकट जेवण हवं. तेलकट माशाशी तिचं हाडवैर. मालविका "बरं" म्हणाली आणि बाजारातले सगळ्यात तेलकट बांगडे घेऊन आली.

मदिनत खलीफा नावाच्या तिथल्या वस्तीत मी त्यांच्या शेजारी राहायचे, म्हणून वाढायला मला बोलावलं होतं. गुळव्यांनी बांगड्याचा घास खाल्ला आणि वर वाईनचा घोट घेतला. गंजलेला खिळा चोखल्यासारखं त्यांचं तोंड झालं. पण जाणकार म्हणवून घेतलं होतं ना. "वा," ते म्हणाले, "काय चव रेंगाळते." लुसियाँनं ग्लास बाजूला सरकवला आणि पाणी मागितलं. गुळवे मात्र पीत राहिले, त्या वाईनच्या मातीची तारीफ करत राहिले. इतकं सुख मला फार थोड्या जेवणांत मिळालंय.

मग मालविकानं माशांच्या ताटल्या उचलल्या आणि मिऱ्याचं मटण आणून ठेवलं. "आता पिऊन बघा," ती लुसियाँला म्हणाली. त्यानं घोट घेतला आणि पहिल्यांदा हसला. तुम्हाला हे कसं कळलं, त्यानं विचारलं.

"वाईनमध्ये थोडं लोह असतं. माशाच्या तेलाशी गाठ पडली की चव बिघडते. आणि लोह मोजणं हे माझं कामच होतं. तुमच्या बॉयलरच्या पाण्यातलं मीच मोजलं, चार महिने."

लुसियाँनं काटा खाली ठेवला. त्या रिपोर्टबद्दल तो आठवडाभर गुळव्यांना खोदून विचारत होता आणि धड उत्तर मिळत नव्हतं. तेच प्रश्न त्यानं आता तिला विचारले. नमुने कुठून घेतले, कुठल्या वेळी, बॉयलर बंद ठेवल्यावर आकडे का चढले. ती मटण वाढता वाढता सांगत गेली. शेवटी तो गुळव्यांकडे वळला. "मग यात तुम्ही नक्की काय केलं होतं?"

गुळव्यांनी घड्याळ बघितलं आणि निघायची घाई केली.

लुसियाँ गाडीकडे गेल्यावर ते दारात थांबले. "देवव्रत, पुढच्या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. आठवतंय ना?"

मालविकानं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

"आठवतंय, साहेब," देवव्रत म्हणाला. "त्याच्यापायीच दोन वर्षं गप्प बसलो आणि हिच्या नजरेला नजर द्यायची सोय राहिली नाही. आता नाही बसणार. तुमचे बूट त्या बाजूला आहेत."